वाचकांचे प्रश्न : जिचा एकही फोटो उरला नाही अशी वर्गमैत्रीण

प्रश्न : आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार. मी मूळची धाराशिव जिल्ह्यातल्या, लोहारा तालुक्यातल्या एका गावची; गेली पंचवीस वर्षे पुण्यात राहते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी दहावीत होते. आमच्या वर्गातली सहा मुले त्या पहाटे गेली. त्यांतली एक माझ्याच बाकावर, माझ्या डाव्या हाताला बसत असे. तिचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण तिच्या भावाला अजून विचारलेले नाही. त्या घरातला तो एकटाच वाचला. तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि गणपतीसाठी आजोळी गेलेला होता.

आमच्या वर्गाचा स्नेहमेळावा या वर्षी सप्टेंबरअखेर गावी ठरला आहे आणि त्या वेळी सहाही जणांना श्रद्धांजली वाहावी असे सर्वांचे मत पडले. पाच जणांचे फोटो नातेवाइकांकडून मिळाले. तिचा मात्र कोठेही नाही. घरातले जे काही होते ते ढिगाऱ्यात गेले आणि वर्गाचा फोटो फेब्रुवारीत, निरोप समारंभाच्या दिवशी काढायचा असतो. तो दिवस तिच्या वाट्याला आलाच नाही. तेव्हा आमच्यातल्या एकाने तिच्या भावाच्या मुलीचा फोटो घेऊन आणि आम्ही दोघीतिघींनी सांगितलेले वर्णन त्यात घालून एआयच्या साहाय्याने तिचा चेहरा तयार करून घेतला आणि तो सर्वांना पाठवला. ‘अगदी तीच’ असे वीसेक जणांनी लिहिले. मीही लिहिले. त्याला आता तीन आठवडे झाले. डोळे मिटले की तोच चेहरा समोर येतो आणि इतकी वर्षे माझ्यापाशी असलेला खरा चेहरा येत नाही. तो चेहरा फलकावर छापू नका असे म्हणावे, तर त्याऐवजी द्यायला माझ्याकडे काही नाही.

आणखी एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. तिचे घर दगडी वाड्याचे होते आणि आमचे कुडाचे. माझ्याकडे कंपासपेटी नव्हती. मंगळवारी, २८ तारखेला, भूमितीच्या गृहपाठासाठी मी तिची पेटी मागून घेतली. बुधवारी अनंत चतुर्दशीची सुट्टी होती, गुरुवारी ती परत द्यायची होती. ती अजून माझ्याकडेच आहे. भावाला द्यावी असे अनेकदा मनात आले. पण इतकी वर्षे का ठेवली, असे त्याने विचारले तर मी काय सांगू?

— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचे पत्र आल्यावर मी तुमच्याकडे त्या पेटीचा फोटो मागितला आणि तुम्ही तो झाकण उघडून, आतून-बाहेरून काढून पाठवलात, याबद्दल मी तुमची ऋणी आहे. तो फोटो समोर ठेवूनच हे उत्तर लिहीत आहे. पेटी पत्र्याची आहे, कडेचा पिवळा रंग उडाला आहे आणि बिजागरीपाशी गंज चढला आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला चौकटीच्या वहीचा कागद चिकटवलेला आहे आणि त्यावर निळ्या शाईने आठवड्याचे वेळापत्रक लिहिलेले आहे. शनिवारच्या रकान्यात सकाळच्या शाळेचे पाचच तास आहेत. मंगळवारच्या चौथ्या तासाला आधी ‘इतिहास’ लिहून, ते एका रेघेने खोडून, वर बारीक अक्षरात ‘भूमिती’ लिहिले आहे. तिच्या ‘भू’चा उकार ओळीखाली लांबवर उतरून डावीकडे वळतो. कर्कटकात पेन्सिलीचा तुकडा अजून अडकवलेला आहे आणि त्याच्या मागच्या टोकावर दातांच्या खुणा आहेत.

द्यायला माझ्याकडे काही नाही, असे तुम्ही लिहिता. तिच्या हातचे अक्षर तुमच्याकडे आहे. ज्या मुलीचे घर, घरातली माणसे आणि फोटो, सारे एका पहाटे गेले, तिने स्वतः लिहिलेला कागद जगात कदाचित हा एकच असेल. फलकावर काही छापायचेच असेल तर त्या वेळापत्रकाचा फोटो छापा. पाच चेहरे आणि एक हस्ताक्षर असा फलक पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटेल, कोणी कारण विचारील आणि जे झाले ते त्याला सांगता येईल. तयार केलेला चेहरा मात्र काढून टाकावा असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्याने तो करून घेतला त्याच्यावर रागावू नका. सहा जणांत एकीचीच जागा रिकामी राहू नये, या मायेपोटीच त्याने हा उद्योग केला असणार. परंतु जे तयार झाले ते तिचे चित्र नाही. ते तिच्या भाचीचे, तुमच्या वर्णनातल्या चारसहा शब्दांचे आणि इतर असंख्य अनोळखी चेहऱ्यांचे मिश्रण आहे. चित्रकाराने तुमच्या सांगण्यावरून रेखाटन केले असते तर पाहणाऱ्याला ते रेखाटन म्हणून कळले असते. हा चेहरा फोटोसारखा दिसतो आणि अडचण नेमकी तेथेच आहे. आठवण ही कपाटात ठेवलेल्या वस्तूसारखी जशीच्या तशी राहत नाही. दर वेळी ती काढताना थोडी नव्याने जुळवली जाते आणि त्या वेळी समोर असलेल्या गोष्टी तिच्यात मिसळतात, हे स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा दाखवून दिले आहे. बत्तीस वर्षांची पुसट आठवण आणि पडद्यावरचा ठसठशीत फोटो यांची गाठ पडली की फोटो वरचढ ठरतो. तुम्ही ‘अगदी तीच’ असे लिहिलेत, यात खोटेपणा नव्हता. त्या क्षणी तुम्हाला तसेच वाटले असेल. आता एवढेच करा की तो फोटो पुन्हा पाहू नका, मोबाइलमधून काढून टाका आणि चेहरा आठवण्याचा आटापिटा काही दिवस सोडून द्या. चेहऱ्याऐवजी तिच्या हालचाली आठवा. ती बाकावर कोणत्या अंगाने वळून बोलायची, फळ्यावरचे दिसत नसले की काय करायची, डबा कसा उघडायची. चेहरा परत येईलच असे वचन मी देऊ शकत नाही, पण माणूस आपल्याला चेहऱ्यापेक्षा हालचालींतच अधिक ओळखू येते, हा माझा अनुभव आहे.

तो अनुभव कोठला, हे सांगणे येथे अप्रस्तुत ठरू नये. मी सोलापूरला माध्यमिक शाळेत गणित शिकवत होते. भूकंपानंतर ऑक्टोबरच्या मध्याला आम्ही काही शिक्षक रजा काढून त्या भागात गेलो आणि डिसेंबरपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये दहावीचे वर्ग घेतले. पाऊस तोवर थांबला होता. पण पहिल्या दिवसांत त्या पावसात, पडलेल्या घरांच्याच तुळया आणि लाकडे सरणाला लावून गावोगाव सामुदायिक दहन झाले होते, आणि त्या खुणा गावाबाहेर दिसत होत्या. आम्हाला पहिल्याच दिवशी एक अडचण आली, जिचा विचार आमच्यापैकी कोणीही केलेला नव्हता. जुने हजेरीपत्रक सापडले नव्हते. नवे करायचे, तर उरलेल्या मुलांना सलग नवे क्रमांक द्यायचे की जुनेच ठेवून मधल्या जागा मोकळ्या सोडायच्या? आम्ही सलग क्रमांक दिले. एक मुलगा, ज्याचा जुना क्रमांक बावीस होता आणि आता अठरा झाला होता, तो दोन आठवडे अठराला गप्प राहायचा आणि बाविसाला ‘हजर’ म्हणायचा. मी त्याला एकदा रागावले. तेव्हा तो म्हणाला, “बाई, अठरा तो नाही का, हळूच ‘हजर’ म्हणणारा.” तो मुलगा गेलेला होता. त्याचा फोटो मी कधी पाहिला नाही, पण कोणी हळूच ‘हजर’ म्हटले की आजही मला तोच आठवतो.

वर्गातल्या सोबत्याकडे जे असते ते दुसऱ्या कोणाकडे नसते, हे मी तेव्हा शिकले. आईवडिलांना मूल घरातले माहीत असते. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळातले मूल फक्त वर्गाला माहीत असते. तुमच्या मैत्रिणीचे घरातले रूप जाणणारी माणसे तिच्याबरोबरच गेली. जो वाचला तो सात वर्षांचा होता. म्हणजे पंधरा वर्षांची ती मुलगी कशी होती, हे आज केवळ तुम्हा तीसपस्तीस जणांनाच ठाऊक आहे, आणि तुम्हीही आता पन्नाशीला आला आहात. तेव्हा मेळाव्याच्या आधी एक काम करा. प्रत्येकाने तिच्याविषयी आणि इतर पाच जणांविषयी जे आठवते ते लिहून काढावे. मात्र एकमेकांशी बोलण्याआधी, आपापल्या घरी बसून लिहावे. एकत्र बसून गप्पा मारल्या की सगळ्यांच्या आठवणी एका साच्यात पडतात. जो सर्वांत रंगवून सांगतो त्याचीच आठवण सर्वांची होऊन बसते. वेगवेगळे लिहिलेत तर एकाच्या लेखी ती अबोल असेल आणि दुसऱ्याच्या लेखी बडबडी. दोन्ही तसेच राहू द्या, मेळ घालू नका. ‘हसतमुख’, ‘मनमिळाऊ’, ‘सर्वांची लाडकी’ हे शब्द टाळा. ते वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेतून आलेले असतात आणि कोणालाही चिकटवता येतात. त्याऐवजी एकेक घटना लिहा, ती कोणत्या जागी आणि साधारण कोणत्या महिन्यात घडली हे लिहा, आणि जेथे नक्की आठवत नाही तेथे ‘नक्की आठवत नाही’ असेच लिहा.

ती गुणांचीच पुतळी होती असेही दाखवू नका. तुम्ही दुसऱ्या निरोपात मला तीन गोष्टी कळवल्यात : ती पेन्सिली चावत असे, इंग्रजीच्या तासाला तुमच्या वहीत पाहून लिहीत असे, आणि शाळा सुटल्यावर फळ्याच्या कडेला उरलेले खडूचे तुकडे गोळा करून, रुमालात बांधून घरी नेत असे, कशासाठी ते तुम्ही कधी विचारले नाही. शेवटची गोष्ट लिहू की नको, अशी शंका तुम्हाला आहे, कारण ती चोरीसारखी दिसेल. जरूर लिहा. अकाली गेलेल्या मुलीला आपण फार लवकर देवघरात नेऊन बसवतो आणि मग ती कोणाचीच मैत्रीण राहत नाही.

आता पेटीविषयी. ती भावाला दाखवलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मेळाव्याच्या व्यासपीठावर, सत्कारासारखी, टाळ्यांत मुळीच देऊ नका. आधी फोन करा. ‘तुमच्या ताईची एक वस्तू माझ्याकडे आहे, तुम्हाला पाहावीशी वाटेल तेव्हा मी घेऊन येते’, एवढेच सांगा आणि केव्हा, कोठे हे त्याला ठरवू द्या. कदाचित तो लगेच बोलावील, कदाचित वर्षभर बोलावणार नाही. का ठेवली असे त्याने विचारले तर जे खरे आहे तेच सांगावे. परत देण्याचा दिवस उजाडला तेव्हा परत द्यायला कोणी उरले नव्हते, आणि पुढे जसजशी वर्षे गेली तसतसे ते सांगणे अधिक अवघड होत गेले. यात लाज वाटण्यासारखे काय आहे? नेण्याआधी झाकणातल्या कागदाचा चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा. कागद सोडवण्याचा प्रयत्न करू नका, गंज पुसण्यासाठी तेल लावू नका. तेल कागदात उतरेल. त्याने पेटी ठेवून घेतली तर घेऊ द्या. त्याने ती तुम्हालाच परत दिली, तर तीही मोकळ्या मनाने घ्या.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी पुन्हा वाचले : तिचे घर दगडी वाड्याचे आणि आमचे कुडाचे. या वाक्याखाली काय दडले आहे, हे त्या भागात राहिलेल्या माणसाला लगेच कळते. दोन-अडीच फूट रुंदीच्या, दगड आणि मातीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि वर फूटभर मातीचे माळवद. उन्हाळ्यात गार आणि पिढ्यानपिढ्यांच्या प्रतिष्ठेची ती घरे पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झोपलेल्या माणसांवर कोसळली, आणि ज्यांना तसे घर बांधण्याची ऐपत नव्हती ते कुडाच्या आणि छपराच्या घरांतून जिवंत बाहेर आले. आदल्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्यानंतर, धक्के जाणवले होते तेव्हा लोक कित्येक रात्री बाहेर झोपले होते. पुढे भीती ओसरली आणि माणसे घरात परतली. त्या रात्री तर विसर्जन करून दमून आलेला सारा गाव गाढ झोपलेला होता. तिच्याकडे पेटी होती म्हणून ती गेली आणि तुमच्याकडे नव्हती म्हणून तुम्ही राहिलात, असा हिशेब तुम्ही मनात कधीतरी मांडला असेल. तो हिशेब भिंतीच्या रुंदीचा होता. त्यात तुमचे देणे काही नाही.

मेळाव्याच्या दिवशी वेळ मिळाला तर नव्या गावातल्या कार्यक्रमाआधी जुन्या गावाच्या जागी जाऊन या. पुनर्वसनात पूर्ण उद्ध्वस्त झालेली पन्नासहून अधिक गावे दूर नव्या जागी वसवली गेली, जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे सरळ रांगांत बांधली गेली, आणि जुने शेजार त्या रांगांत विखुरले. त्यामुळे जुन्या गावातले कोणते घर कोठे होते, हेही आता फक्त माणसांच्या डोक्यात आहे. बाभळी वाढल्या असतील, पण शाळेपासून तिच्या वाड्यापर्यंतची वाट तुम्ही तीनचार जणी मिळून चालत शोधा. कागदावर तिचा साधा नकाशा काढा आणि वाटेतल्या प्रत्येक घराचे नाव लिहा. तिच्या भावाने त्या घराची दिशा मुलांना दाखवली असेल. ती वाट त्याच्याही पूर्ण लक्षात असेल असे नाही.

प्रश्न : बाई, वरील पत्र ज्यांचे आहे त्यांचा मी वर्गमित्र, त्यांनी तुम्हाला लिहिल्याचे सांगितले म्हणून मीही लिहीत आहे. मी अजून गावातच आहे. आम्ही ६०,००० रुपये जमवले आहेत आणि दहावीत पहिल्या येणाऱ्याला त्या सहा जणांच्या नावे बक्षीस ठेवावे असा विचार आहे. पहाटे ३.५६ ला मेणबत्त्या लावून हजेरी घ्यावी, सहा नावे पुकारावीत आणि सर्वांनी मिळून ‘हजर’ म्हणावे, अशीही एक सूचना आहे. आपले मत काय? शिवाय आमच्यापैकी काही जणांनी असे विचारले आहे की, ज्यांच्या घरी आता कोणीच नाही, त्यांच्या नावाने पितृपक्षात आम्ही पान वाढले तर चालेल का?

— एक वाचक, लोहारा तालुका

उत्तर : हजेरीची कल्पना सोडून द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पुण्यात किंवा मुंबईत ती कोणाला हृदयस्पर्शी वाटेल. पण तुमच्या गावात त्या सहांपैकी काहींच्या आया अजून आहेत. मुलाचे नाव पुकारले गेले आणि चाळीस गळ्यांतून ‘हजर’ असे उत्तर आले, तर त्या माउलीने घरी जाऊन काय करायचे? पहाटेची वेळही नको. किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी दरवर्षी ३० सप्टेंबरला मानवंदना होते, तेथे ज्यांना जायचे ते जातात. तुमच्या भागातल्या कित्येक माणसांना त्या वेळेला आजही आपोआप जाग येते. त्यांना पुन्हा मुद्दाम उठवू नका. दिवसा, जेवणाआधी, सहाही नावे कोणीतरी संपूर्ण आणि स्पष्ट वाचावीत, प्रत्येकाविषयी लिहिलेल्या आठवणींतली एकेक वाचावी आणि मग सर्वांनी एकत्र जेवावे. नावे मात्र नीट तपासून घ्या. पाचवीला दाखला घेताना प्राथमिक शाळेतून गेलेली नोंद, जनरल रजिस्टर, आठवी-नववीचे निकालपत्रक, यांतले जे शिल्लक असेल ते मुख्याध्यापकांना विनंती करून पाहा. टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलाचे खरे नाव फलकावर चुकीचे जाणे ही फार वाईट गोष्ट आहे आणि ती अनेकदा घडते.

पैशांविषयी व्यवहाराचे बोलते. रक्कम रोखीने कोणा एकाच्या हाती न देता शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या खात्यात धनादेशाने भरा, पावती घ्या आणि व्याज कशासाठी वापरायचे याचे पत्र संस्थेकडून लिहून घ्या. सहा-साडेसहा टक्के व्याज धरले तर ६०,००० च्या मुदत ठेवीवर वर्षाला ३,६०० ते ३,९०० रुपये मिळतील. पहिल्या येणाऱ्याला आणखी एक बक्षीस देण्याचे मला विशेष प्रयोजन दिसत नाही; त्याला तसेही बक्षिसे मिळतात, आणि त्या सहांतले किती जण पहिले येणारे होते? त्याऐवजी दर जूनमध्ये दहावीत येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला कंपासपेटी द्यावी, असे मला सुचते. पेटी दीडशे रुपयांना धरली तर त्या व्याजात चोवीस-पंचवीस मुलांची सोय होते. पुढे भाव वाढतील आणि व्याज पुरणार नाही, तेव्हा मुद्दल मोडायला कचरू नका. निधी शंभर वर्षे टिकावा असा हट्ट कशाला? पंधरा वर्षे टिकला आणि त्या पंधरा वर्षांत तुमच्यापैकी कोणीतरी स्वतः जाऊन, मुलांसमोर उभे राहून, हे सहा जण कोण होते ते सांगितले तर पुष्कळ झाले. पेटीवर फोटो किंवा देणाऱ्यांची नावे छापू नका.

पान वाढण्याविषयी : ज्या घरी ही रीत आहे त्यांनी अवश्य वाढावे. महालयात ज्यांना स्मरून तिलांजली देतात त्यांत केवळ कुळातलेच नसतात. गुरू, शिष्य आणि मित्र यांनाही त्यात स्थान आहे. त्यामुळे परक्या घरच्या मुलीला पान कसे वाढावे, हा संकोच नको. तिथीने पाहिले तर तो दिवस भाद्रपद पौर्णिमेचा होता, पितृपक्षाच्या अगदी उंबरठ्यावरचा. ज्यांना तिथी सांभाळायची नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावस्या आहेच. ज्यांच्या घरी श्राद्धाची रीत नाही, किंवा गेलेला सोबती दुसऱ्या धर्माचा वा पंथाचा होता, त्यांनी त्याच्या घरच्या रीतीने जे असेल ते करावे, अथवा शेजारच्या एखाद्या मुलाला जेवू घालावे. कोणी कोणावर सक्ती मात्र करू नये.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ दहावीची परीक्षा दिल्यानंतरच्या सुट्टीत विहिरीत बुडून गेला, त्याला आता चौतीस वर्षे झाली. त्याचे चार वर्गमित्र आजही दर दिवाळीत आमच्याकडे येतात, आईच्या पाया पडतात, फराळ करतात. आईला फार बरे वाटते. मला मात्र त्यांच्याकडे पाहवत नाही. त्यांचे केस पांढरे होताना दिसतात आणि आपला भाऊ आज असाच दिसला असता, हा विचार मनातून जात नाही. त्यांना येऊ नका म्हणावे का? असे वाटणे कृतघ्नपणाचे आहे का?

— एक वाचक, लातूर

उत्तर : कृतघ्नपणाचे मुळीच नाही. भाऊ सोळा वर्षांचाच राहिला आणि त्याचे वय मोजण्याची पट्टी मात्र दर दिवाळीला घरी चालत येते; ते पाहताना तुम्हाला वेदना होणे स्वाभाविक आहे. पण आईचा आनंद मोडू नका. त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात राहिलात, किंवा संध्याकाळी उशिरा माहेरी आलात, तर कोणाचेही काही बिघडत नाही. त्या चौघांतला जो तुम्हाला त्यातल्या त्यात जवळचा वाटतो त्याला एकदा वेगळे गाठून हे सांगून टाका. पन्नाशीचा माणूस हे समजून घेईल. आणि जमेल तेव्हा, दिवाळी सोडून एखाद्या साध्या दिवशी, त्याला एकच विचारा : परीक्षा संपल्यापासून तो जाईपर्यंतच्या त्या सुट्टीत तुम्ही सगळे काय करत होता? त्या दिवसांतला भाऊ तुमच्यापेक्षा त्यांनीच अधिक पाहिला आहे आणि तुम्ही विचारले नाही म्हणून, तुम्हाला त्रास होईल म्हणून, त्यांनी तो तुम्हाला कधी सांगितलेला नसेल.

ताजा कलम : हा मजकूर छपाईला जाण्याआधी पुण्याच्या वाचक भगिनींचा फोन आला. त्यांनी मैत्रिणीच्या भावाला फोन केला होता आणि त्याने दुसऱ्याच दिवशी त्यांना बोलावले. पेटी त्याने बराच वेळ हातात धरली, वेळापत्रक मुलीकडून मोठ्याने वाचून घेतले आणि पेटी ठेवून घेतली. इतकी वर्षे का ठेवली, असे त्याने विचारले नाही. बोलता बोलता यांनी खडूच्या तुकड्यांची गोष्ट सांगितली, तेव्हा तो थांबला. वाड्याच्या चौकातल्या फरशीवर आपण खडूने आगगाड्या काढत असू, हे त्याला पक्के आठवत होते. एक गाडी चौकातून निघून न्हाणीघराच्या दारापर्यंत गेली होती आणि आजी रागावली होती. खडू कोठून यायचे, हे मात्र त्याला माहीत नव्हते.